रेशन, पंधराशे रुपये आणि ‘फुकट’ हा शब्द: लोणी काळभोरमधून एक हिशेब

‘सरकार सगळं फुकट देतंय, म्हणून माणसं कामाला मिळत नाहीत.’ लोणी काळभोरमध्ये चहाच्या टपरीवर, उसाच्या बांधावर आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर थांबलेल्या घोळक्यातही हे वाक्य ऐकू येतं. त्याच घोळक्यात दुसरा कुणीतरी म्हणतो, ‘पंधराशे रुपयांत होतं काय? गॅसची टाकी आणि पोरांच्या वह्या.’ तिसऱ्याची तक्रार वेगळीच: ‘ज्याला गरज नाही त्याचं नाव यादीत, आणि आमचं कार्ड मात्र अजून ऑनलाइन झालेलं नाही.’

आम्हाला वाटतं, या तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे. पण चर्चा बहुतेक वेळा एकमेकांकडे बोट दाखवण्यात संपते. म्हणून या लेखात तीन साधे प्रश्न घेऊ. सरकार वाटतं तो पैसा कुणाचा? गरीब कोण, हे कशावरून ठरतं? आणि मदत मिळाली की माणूस खरंच आळशी होतो का?

पैसा कुणाचा?

‘आम्ही टॅक्स भरतो आणि हे लोक खातात’ असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर इन्कम टॅक्स असतो. तो भरणारे थोडे आहेत, हे खरंच. पण सरकारची तिजोरी एकट्या इन्कम टॅक्सने भरत नाही.

आपल्याच गावाचं बघा. लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून भरलेले टँकर सोलापूर रस्त्याने रोज बाहेर पडतात. त्यातलं पेट्रोल गाडीत पडतं तेव्हा किमतीत केंद्राचं उत्पादन शुल्क असतं आणि राज्याचा व्हॅटही असतो. पंपावर कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. कारवाला आणि भंगार गोळा करणारा टेम्पोवाला, दोघांना लिटरमागे सारखाच कर पडतो. साबण, टूथपेस्ट, शाम्पूवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, दुसऱ्या दिवसापासून तो ५ टक्के झाला. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-पिठावरही ५ टक्के लागू आहे. धुणीभांडी करणारी बाई हे सगळं विकत घेते, म्हणजे तीही करदाती आहे. फक्त तिच्या हातात त्याची पावती नसते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. महिना दहा हजार कमावणाऱ्या घरात जवळजवळ सगळा पैसा महिनाभरात खर्च होतो. जो खर्च होतो, त्यातल्या बऱ्याच भागावर कर लागतो. दोन लाख कमावणारा निम्मा पैसा बाजूला टाकू शकतो. म्हणून अशा करांचा भार उत्पन्नाच्या मानाने गरिबावर जास्त पडतो. अर्थशास्त्राची पुस्तकं न वाचताही हे किराणा दुकानाच्या वहीवरून कळतं.

हा मुद्दा काही आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल मोठ्या प्रमाणात रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी तिथे ठासून मांडलं. निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशीही दिली होती. त्यांची शेती होती मांजरीला, म्हणजे आपल्या लोणीच्या शेजारीच. तेव्हा गरिबांच्या शाळेसाठी मागितलेला पैसा ही भीक नव्हती. रयतेने भरलेल्या पैशातला तो रयतेचाच वाटा होता.

शहराने गावासाठी पैसे दिले, ती गोष्ट

‘एकाने भरायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, हा अन्याय आहे’ असं वाटणाऱ्यांनी महाराष्ट्राच्याच इतिहासातलं एक पान बघावं. १९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. त्या काळात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात करून पाहिली होती. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली. देशाचा रोजगार हमी कायदा आला २००५ मध्ये, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळानंतर.

यासाठी पैसा कुठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, तोच हा कर. मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांनी भरलेल्या या करातून आणि सरकारने त्यात घातलेल्या रकमेतून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघाली.

शहरातल्या लोकांनी हे का चालवून घेतलं? केवळ दयेपोटी नाही. गावात काम मिळालं तर माणसांना सगळं सोडून शहराच्या फूटपाथवर यावं लागत नव्हतं. कामावरच्या मजुरांच्या हातून पाझर तलाव, बंधारे, रस्ते झाले आणि जमीनवाल्या शेतकऱ्याच्या विहिरीलाही पाणी लागलं. म्हणजे मजूर, शेतकरी आणि शहर, तिघांनाही त्यात काहीतरी मिळत होतं. सरकारी योजनेला लोकांची साथ टिकते ती अशी. देणाऱ्याला ‘माझा पैसा कुठे गेला’ हे दिसावं लागतं, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागता कामा नये.

गरीब कोण? इथे खरा घोळ आहे

आता दुसरा प्रश्न. लोणी काळभोरचं पोलीस ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात गेलं, पण गाव अजून ग्रामपंचायतीचं. म्हणून रेशनसाठी ग्रामीण भागाची मर्यादा लागते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. तो राबवताना महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली: ग्रामीण भागात ४४,००० रुपये, शहरी भागात ५९,००० रुपये. दहा वर्षांहून अधिक काळ हीच मर्यादा राहिली.

जरा भागाकार करू. ४४,००० म्हणजे दिवसाला साधारण १२० रुपये. घरात पाच माणसं असतील तर माणशी २४ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली आहे. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस काम केलं, तरी ते घर ४४,००० च्या वर जातं. म्हणजे सरकारने ठरवलेल्या मजुरीवर पाच महिने राबणाऱ्याचं घर सरकारच्याच दुसऱ्या कागदावर ‘गरीब’ राहत नाही.

बाकीच्या मर्यादा शेजारी ठेवून बघा:

- संजय गांधी निराधार योजना: विधवा, निराधार यांच्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत.
- रेशनचं प्राधान्य कुटुंब: ग्रामीण ४४,०००, शहरी ५९,०००.
- आरटीईचा २५ टक्के प्रवेश, दुर्बल घटक: १ लाख.
- मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: अडीच लाख.
- आर्थिक दुर्बल घटकांचं म्हणजे ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण: ८ लाख.

समजा, एक भाऊ गोदामात महिना १२,००० रुपयांवर काम करतो. वर्षाचे १ लाख ४४ हजार झाले. त्याच्या बायकोला लाडकी बहीणचे पैसे मिळू शकतात. त्याच घराला नियमाप्रमाणे स्वस्त धान्य नाही आणि दुर्बल घटकातून आरटीईचा प्रवेशही नाही. आणि त्याच्या पाचपट कमावणारं, कुठल्याच आरक्षणात नसलेलं कुटुंब ईडब्ल्यूएसमध्ये बसू शकतं. एकाच राज्यात गरिबीच्या पाच व्याख्या असतील, तर शेजाऱ्याला शेजाऱ्याबद्दल संशय येणारच.

यातून आणखी एक नुकसान होतं. मर्यादा इतकी खाली असली की माणूस कमी उत्पन्नाचा दाखला काढतो. मग तो ‘खोटारडा’ ठरतो. जो प्रामाणिकपणे खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर राहतो. प्रामाणिक गरिबाला शिक्षा आणि ओळखी असणाऱ्याला फायदा, असा हा प्रकार होतो. अशा वेळी लोकांचा राग नियमावर न जाता रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसावर जातो.

आपल्याला हे समजणं अवघड जाऊ नये, कारण जकातीचा निसाब आपण लहानपणापासून ऐकतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. ही रेघ रुपयांत बांधलेली नाही. सोनं-चांदी महागली की रुपयांतला निसाब आपोआप वर जातो. २०१३ मध्ये दहा ग्रॅम सोनं तीस हजारांच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढे गेलं. देणारा कोण आणि घेणारा कोण, यांच्यातली रेघ काळाबरोबर सरकली पाहिजे, ही साधी समज त्यात आहे. रेशनची ४४,००० ची रेघ मात्र रुपयांत ठोकलेली राहिली. महागाई पुढे गेली आणि गरीब माणूस जागच्या जागी ‘श्रीमंत’ ठरला. सरकारने दर वर्षी महागाईनुसार ही मर्यादा बदलावी, ही मागणी कुठल्या एका समाजाची नाही. ती गावातल्या प्रत्येक मजुराची आहे.

मदतीने माणूस आळशी होतो का?

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि तो गावागावांत पोहोचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई यांनीही चिंता बोलून दाखवली. निवडणुकीआधी जाहीर होणाऱ्या अशा योजनांमुळे आणि मोफत धान्यामुळे लोक काम करायला तयार होत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ते स्वतः अमरावतीचे, शेतकरी घराचा अनुभव असलेले. त्यामुळे हे मत सहज झटकून टाकण्यासारखं नाही.

पण मत आणि मोजमाप यांत फरक असतो. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, ज्यांची आई मराठी, यांनी सहकाऱ्यांबरोबर सहा देशांतल्या सात रोख-मदत कार्यक्रमांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही.

साध्या हिशेबानेही बघता येतं. धान्य मिळतं माणशी महिना पाच किलो. पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो. त्याने पोट भरतं, पण भाडं, वीज, शाळेची व्हॅन, औषधपाणी यांचे पैसे त्यातून निघत नाहीत. पंधराशे रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांवर घरी बसता येईल असं घर आपल्या ओळखीत नाही. मग शेतात माणूस का मिळत नाही? हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत या रस्त्यावर गोदामं, हॉटेलं, बांधकामं वाढली. तिथे काम महिनाभर चालतं आणि पगार ठरलेला असतो. थेऊरचा यशवंत साखर कारखाना २०११ पासून बंद पडला, तेव्हा तिथल्या कामगारांनाही दुसरी वाट शोधावी लागली. घरी रेशनचं धान्य असलं की मजूर पडेल त्या दराला हो म्हणत नाही, हेही खरं. शेतकऱ्याला ते जड जातं, त्याचा तोटा खोटा नाही. पण त्यावर उत्तर शेतमालाला भाव हे आहे. मजुराचं पोट रिकामं ठेवणं हे उत्तर असू शकत नाही.

विरोधकांचा खरा मुद्दा

योजनांवर टीका करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र आपण गांभीर्याने घ्यायला हवं. पैसा एकीकडे गेला की दुसरीकडे कमी पडतो. लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले. सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी २०२५ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली. वसतिगृह, शिष्यवृत्ती यांचा पैसा कमी करून घरात पंधराशे आले, तर त्या घराला नेमकं काय मिळालं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

घाईचाही फटका बसला. आधी सरसकट अर्ज मंजूर झाले, निवडणूक झाली, मग तपासणी सुरू झाली. २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवले गेले, आणि लाभार्थींत हजारो पुरुषही निघाले. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत कुठलीच बाजू ‘ही योजना नको’ म्हणत नव्हती. महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० चं. वाद रकमेचा होता, आणि पैसा कशातून येणार यावर फारशी चर्चा झाली नाही.

आपल्याबद्दलचा समज

मोबाईलवर अजून एक मेसेज फिरत असतो: ‘यांनाच सगळं मिळतं.’ त्याला चिडून उत्तर देण्यापेक्षा माहिती देऊ या. रेशन, लाडकी बहीण, निराधार योजना, महात्मा फुले जन आरोग्य योजना, यांच्या पात्रतेत धर्म नाही. खास अल्पसंख्याकांसाठी ज्या केंद्रीय योजना होत्या, त्यांतली पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रात २०१४ साली दिलेल्या ५ टक्के आरक्षणापैकी शिक्षणातला भाग मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात चालू ठेवायला मुभा दिली होती. पण त्याचा कायदा झाला नाही आणि तेही गेलं.

उलट, जे आपल्या हक्काचं आहे तेच अनेक घरं घेत नाहीत. तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी अशा जमाती ओबीसीत आहेत. आरटीईमध्ये ओबीसी मुलांना वंचित गटातून उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला लागतो, आणि तो काढलेलाच नसतो. कुठल्याच आरक्षणात नसलेली शेख, पठाण कुटुंबं ईडब्ल्यूएसला पात्र ठरू शकतात, हेही पुष्कळांना ठाऊक नाही. नावांचा घोळ तर घरोघरी आहे. आधारवर ‘शेख शबाना बी’, कार्डावर ‘शबाना शेख’, बँकेत ‘शबानाबी’. मशीनला ही तीन माणसं वाटतात. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं तेव्हा विधवा आणि तलाकशुदा भगिनी अडकल्या. नंतर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. ज्यांच्याकडे फक्त घरगुती कागद आहे, त्या तिथेही थांबल्या. हे कागद वेळेत नीट करणं ही आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलामुलींची जबाबदारी आहे.

ज्या सोयीचा सगळ्यांना उपयोग, तिच्यावर भांडण कमी

एक गोष्ट लक्षात घ्या. पीएमपीएमएलच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला कुणी ‘फुकट्या’ म्हणत नाही. खरं तर ती सेवा तोट्यात चालते आणि तो तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका भरून देतात. लोणीचा माणूस पुणे महापालिकेला घरपट्टी देत नाही, तरी तो त्या बसने हडपसरला जातो. शहराला त्याच्या हातांची गरज आहे आणि त्याला शहरातल्या कामाची, म्हणून हे सगळ्यांना पटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानंतर पाच लाखांपर्यंतच्या उपचाराला पांढरं कार्डही चालतं. तिथेही ‘तुला का, मला का नाही’ हा वाद उरला नाही. तमिळनाडूत रेशन सगळ्यांसाठी खुलं आहे. ज्याला नको तो घेत नाही, आणि यादीतून नाव उडण्याची भीती गरिबाला राहत नाही.

सगळंच सगळ्यांना देणं परवडणार नाही, हे मान्य. पण शाळा, दवाखाना, बस आणि धान्य या चार गोष्टींत गाळणी जितकी बारीक, तितका खरा गरीबच बाहेर पडतो.

गावात काय करता येईल

मोठ्या धोरणाचा निर्णय मुंबई-दिल्लीत होतो. तरी काही कामं लोणीतच होतात. अन्न सुरक्षा कायद्यात रेशन दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे. आपल्या दुकानाची समिती कोणती आणि ती कधी बसते, हे ग्रामसभेत विचारा. धान्य नाकारलं तर लेखी कारण मागा. कार्ड दुसऱ्या गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात धान्य घेता येतं. बाहेरून आलेल्या भाडेकरू कुटुंबांना हे आवर्जून सांगा. लाभार्थींची यादी गावात वाचली जावी, असा आग्रह धरा. आपल्या घरात चारचाकी असेल, उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल, तर लाडकी बहीणमधून स्वतःहून नाव काढून घ्या. अपात्र माणसाने घेतलेली रक्कम शेवटी कुठल्यातरी पात्र बाईच्या तपासणीचं कारण बनते.

आणि ग्रामसभेत एक ठराव जरूर मांडा: रेशनची उत्पन्न मर्यादा महागाईशी जोडावी. त्यावर सही करायला काळभोर, तांबोळी, कांबळे, शेख असे सगळे पुढे येतील, कारण दिवसाला १२० रुपयांत घर चालत नाही, हे यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.